रिशारची शिक्षा आणि मॉन्ट्रियलचा क्षोभ

१/ १७ मार्च १९५५ च्या रात्री कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात दंगल झाली. तिचे निमित्त ना निवडणूक होती, ना भाववाढ, ना संप. बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या एका खेळाडूला उर्वरित हंगामात खेळण्यास मनाई करण्यात आली होती. त्या खेळाडूचे नाव मोरिस रिशार. पुढे अनेक लेखकांनी क्युबेक प्रांताच्या आधुनिक इतिहासाचा उगम याच रात्रीत शोधला. तो शोध कितपत टिकतो, हे रिशारच्या कारकिर्दीच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न या धाग्यात केला आहे.

२/ प्रथम खेळाविषयी थोडे. आइस हॉकीत गोलरक्षकासह प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूच्या जागी टणक रबराची चकती. तिला पक म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे येथे नियमबाह्य नाही. त्यामुळे खेळ कोठे संपतो आणि मारामारी कोठे सुरू होते, हे ठरवणाऱ्या पंचांच्या अधिकाराला या खेळात विलक्षण महत्त्व असते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तोच कळीचा ठरणार आहे.

३/ रिशारच्या काळात राष्ट्रीय हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, केवळ सहा संघांची होती: मॉन्ट्रियल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. एकदा एका क्लबशी करार झाला की खेळाडूचे भवितव्य त्या क्लबच्या हाती जाई. क्लब त्याला विकू शके, बदलून देऊ शके, घरी बसवू शके. खेळाडूला मात्र स्वेच्छेने दुसरीकडे जाता येत नसे. लोकप्रियता अफाट आणि अधिकार तोकडे, अशी ही नोकरी होती.

४/ मोरिस रिशारचा जन्म ४ ऑगस्ट १९२१ रोजी मॉन्ट्रियलमधील एका फ्रेंचभाषक, कॅथलिक, कामगार कुटुंबात झाला. वडील कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. मुलगाही त्याच वाटेने कारागीर झाला. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हॉकी, एरवी यंत्रे. उमेदवारीच्या काळातच त्याची हाडे इतक्या वेळा मोडली की हा ठिसूळ मुलगा व्यावसायिक खेळात टिकणार नाही, असे बोलले जाऊ लागले.

५/ या मोडलेल्या हाडांना एक राजकीय संदर्भही आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा प्रश्न एप्रिल १९४२ मध्ये जनमतासाठी मांडला. इंग्रजीभाषक कॅनडाने मोठ्या बहुमताने होकार दिला, तर क्युबेकमधील सुमारे ७२ टक्के मतदारांनी नकार. देश भाषेच्या रेषेवर दुभंगला. रिशारने मात्र स्वतःहून एकाहून अधिक वेळा सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला होता, आणि जुन्या दुखापतींमुळे दरवेळी त्याला परत पाठवण्यात आले. ज्याला पुढे फ्रेंच कॅनडाच्या प्रतिकाराचे प्रतीक मानले गेले, त्याच्या चरित्रातील ही नोंद प्रतीकाच्या चौकटीत बसत नाही.

६/ १९४२-४३ च्या हंगामात तो मॉन्ट्रियल कनेडियन्स संघात आला आणि १६ सामन्यांनंतर घोटा मोडून बाहेर गेला. पुढच्या हंगामात प्रशिक्षक डिक अर्विनने त्याला एल्मर लॅक आणि टो ब्लेक यांच्या जोडीला आक्रमक फळीत उभे केले. याच सुमारास त्याच्या मुलीचा जन्म झाला. तिचे वजन नऊ पौंड भरले, म्हणून त्याने ९ क्रमांकाचा पोशाख मागून घेतला. तो क्रमांक पुढे क्युबेकमधील घराघरांत ओळखला जाऊ लागला.

७/ २३ मार्च १९४४ रोजी स्टॅन्ली चषकाच्या उपान्त्य फेरीत मॉन्ट्रियलने टोरांटोविरुद्ध पाच गोल केले, पाचही रिशारचे. सामन्याअखेर तीन उत्कृष्ट खेळाडूंची नावे जाहीर करण्याची प्रथा होती. त्या दिवशी तिन्ही वेळा एकच नाव उच्चारले गेले. त्या वर्षी मॉन्ट्रियलने चषकही जिंकला.

८/ १९४४-४५ च्या हंगामात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. असा पराक्रम एनएचएलमध्ये पूर्वी कोणीही केला नव्हता. अनेक चांगले खेळाडू सैन्यात असल्याने प्रतिस्पर्धी दुबळे होते, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण युद्ध संपले, खेळाडू परतले, आणि १९४६-४७ मध्ये रिशारने पुन्हा ४५ गोल केले. लीगमधील सर्वाधिक मोलाच्या खेळाडूला दिली जाणारी हार्ट ट्रॉफी त्या वर्षी त्याला मिळाली. ‘रॉकेट’ हे टोपणनाव तोवर रूढ झाले होते.

९/ त्याचा खेळ देखणा होता, असे कोणी फारसे म्हणत नसे. संघातलाच जाँ बेलिव्हो अधिक डौलदार, डेट्रॉइटचा गॉर्डी हाऊ अधिक परिपूर्ण. रिशारचे बळ वेगळे होते: प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपासून गोलपर्यंतच्या पट्ट्यात त्याला अडवणे जवळजवळ अशक्य होई. अंगाला लोंबकळणाऱ्या बचावपटूला तसाच ओढत नेऊन गोल करणारा खेळाडू, अशी त्याची ख्याती होती. समकालीनांच्या वर्णनांत एक तपशील हटकून येतो, तो त्याच्या डोळ्यांचा.

१०/ त्याला रोखण्यासाठी प्रतिस्पर्धी संघ हुकमी उपाय योजत. एखाद्या खेळाडूला खास त्याच्या मागे लावायचे, काठीने डिवचायचे, त्याच्या भाषेवरून आणि वंशावरून शिवीगाळ करायची. संघात आला तेव्हा रिशारला इंग्रजी फारशी येत नव्हती. तो शब्दांनी उत्तर देत नसे. मुठीने देई, क्वचित काठीनेही. दंड होत, तो भरत असे, आणि पुन्हा तेच घडे. म्हणून त्याला केवळ अन्यायाचा बळी ठरवणे योग्य होणार नाही. तो हिंसक खेळाडू होता, हेही तितकेच खरे आहे.

११/ आता दुसरे पात्र: क्लॅरेन्स कॅम्पबेल. पश्चिम कॅनडातील सॅस्कॅचेवानमध्ये जन्मलेला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला, व्यवसायाने वकील, काही काळ हॉकीचा पंच आणि युद्धकाळात लष्करी अधिकारी. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतही त्याने काम केले होते. १९४६ पासून तो एनएचएलचा अध्यक्ष होता. त्याचे कार्यालय मॉन्ट्रियलमध्येच होते. ज्या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलत आणि बँका, कारखाने, कचेऱ्या यांतील वरिष्ठ जागा बहुधा इंग्रजीभाषकांकडे असत, त्याच शहरात.

१२/ दोघांत आधीच ठिणगी पडली होती. रिशारच्या नावाने एका फ्रेंच साप्ताहिकात सदर प्रसिद्ध होत असे. जानेवारी १९५४ मध्ये सहकारी बर्नी जॉफ्रियाँ याच्यावरील बंदीवर टीका करताना सदरात कॅम्पबेलला हुकूमशहा म्हटले गेले. परिणामी रिशारला माफी मागावी लागली, सद्वर्तनाची हमी म्हणून १,००० डॉलर अनामत ठेवावे लागले आणि सदर बंद करावे लागले. देशातला सर्वात प्रसिद्ध फ्रेंचभाषक खेळाडू स्वतःच्या भाषेतल्या वृत्तपत्रात मत मांडू शकत नाही, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवली.

१३/ १३ मार्च १९५५, बॉस्टन. हॅल लेको या बचावपटूची काठी रिशारच्या डोक्याला लागून रक्त वाहू लागले. रिशारने उलटून त्याच्यावर काठीने वार केले. लाइन्समन क्लिफ थॉम्पसन त्याला आवरू लागला, तेव्हा रिशारने त्यालाही ठोसे मारले. ‘मला मागून धरून ठेवले होते, त्यामुळे लेकोला मला मारण्याची मोकळीक मिळत होती,’ असा त्याच्या खुलाशाचा आशय होता. काही महिन्यांपूर्वीच टोरांटोत सामनाधिकाऱ्यावर हात उगारल्याबद्दल त्याला दंड झालेला होता.

१४/ १६ मार्च रोजी सुनावणी झाली. कॅम्पबेलचा निर्णय: हंगामातील उरलेले तीन सामने आणि त्यानंतरचे स्टॅन्ली चषकाचे सर्व सामने रिशारला खेळता येणार नाहीत. त्या वेळी तो गुणांच्या शर्यतीत आघाडीवर होता, आणि ती शर्यत त्याने कारकिर्दीत एकदाही जिंकली नव्हती. सामनाधिकाऱ्यावर दुसऱ्यांदा हात टाकणाऱ्याला कडक शिक्षा करावी, हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने मजबूत होता. मॉन्ट्रियलच्या लोकांनी मात्र शिक्षेबरोबरच ती कोण देतो आहे आणि कोणाला, हेही पाहिले.

१५/ दुसऱ्याच दिवशी मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. धमक्या येत होत्या. न येण्याचा सल्ला मिळत होता. कॅम्पबेल आला, तोही सामना सुरू झाल्यानंतर, सर्वांच्या देखत. त्याच्यावर अंडी आणि टोमॅटो यांचा वर्षाव झाला. हस्तांदोलनाच्या बहाण्याने जवळ आलेल्या एका माणसाने त्याला चपराक मारली. पहिल्या सत्राअखेर प्रेक्षागारात अश्रुधुराचे नळकांडे फुटले. अग्निशमन प्रमुखांनी इमारत रिकामी करवली. ४-१ ने पुढे असलेल्या डेट्रॉइटला सामना बहाल करण्यात आला.

१६/ बाहेर पडलेले हजारो प्रेक्षक आणि आधीच जमलेला जमाव सेंट कॅथरिन रस्त्यावर एकत्र आले. दुकानांच्या काचा फुटल्या, माल लुटला गेला, मोटारी उलथल्या गेल्या. पहाटेपर्यंत हे चालू होते. ३७ जण जखमी झाले, अनेकांना अटक झाली, आणि नुकसानीचा अंदाज सुमारे १ लाख डॉलर होता. जीवितहानी झाली नाही. महापौर जाँ द्रापो याने कॅम्पबेलच्या उपस्थितीला चिथावणी ठरवले.

१७/ दुसऱ्या दिवशी रिशार स्वतः ध्वनिक्षेपकासमोर आला. शिक्षा आपण स्वीकारतो, पुढच्या वर्षी परत येऊ आणि तरुण सहकाऱ्यांबरोबर चषक जिंकू, असे सांगून त्याने लोकांना शांत राहण्याची विनंती केली. शहर शांत झाले. जमाव ज्याच्यासाठी रस्त्यावर उतरला, त्याच्या एका शब्दावर घरी परतला. आणि तो शब्द नियम पाळण्याचा होता, बंडाचा नव्हता.

१८/ हंगामाचा शेवट कडू झाला. जॉफ्रियाँने अखेरच्या सामन्यात रिशारला एका गुणाने मागे टाकले: ७५ विरुद्ध ७४. स्वतःच्या संघाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तोही फ्रेंचभाषक होता, ज्याच्यावरील बंदीवरून रिशारने लेखणी उचलली होती तोच. म्हणजे त्या वसंतातील निष्ठा निव्वळ भाषेची नव्हती. एका विशिष्ट माणसाविषयीही होती. अंतिम लढतीत मॉन्ट्रियलने डेट्रॉइटकडून सात सामन्यांत हार पत्करली.

१९/ आता मूळ प्रश्नाकडे वळू. चारच दिवसांनी, २१ मार्च रोजी, ‘ल दव्वार’ या दैनिकात आंद्रे लोरांदो याचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, माझ्या बंधू रिशारला मारले. फ्रेंच वाचकाला त्यात १८८५ चे पडसाद ऐकू आले. तेव्हा लुई रियेल या बंडखोर नेत्याला फाशी दिल्यावर क्युबेकमधील निषेधसभेत रियेलचा उल्लेख असाच बंधू म्हणून झाला होता. म्हणजे दंगलीला राष्ट्रीय अर्थ देण्याचे काम नंतरच्या पिढीने आरंभले नाही. काचा साफ होत असतानाच ते सुरू झाले होते. मात्र लोरांदोच्या लेखात थोडा उपरोध आहे, आणि जमावाचा राग क्षणिक ठरेल असा सूरही आहे.

२०/ त्या रागाला आर्थिक पाया होता का? होता. १९६३ मध्ये कॅनडा सरकारने द्विभाषिकत्व व द्विसंस्कृतीविषयी राजकीय आयोग नेमला. त्याच्या दोन अध्यक्षांपैकी एक होता हाच लोरांदो. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे आयोगाने दाखवून दिले की क्युबेकमध्ये फ्रेंच वंशाच्या पुरुषाचे सरासरी कामाचे उत्पन्न ब्रिटिश वंशाच्या पुरुषाच्या उत्पन्नाच्या सुमारे ६५ टक्केच होते. स्वतःच्या प्रांतात, बहुसंख्य असूनही. सेंट कॅथरिन रस्त्यावरील जमावाला ही आकडेवारी ठाऊक नव्हती. पण ती तो रोज जगत होता.

२१/ तरीही ‘१९५५ ची दंगल, म्हणून १९६० ची शांत क्रांती’ ही सरळ रेषा ओढताना सावध असावे. जून १९६० मध्ये जाँ लेसाजचा उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला. शिक्षण, आरोग्य आणि वीज ही क्षेत्रे चर्चच्या आणि खासगी कंपन्यांच्या हातून प्रांतिक शासनाकडे येऊ लागली. या बदलाची मुळे १९४९ च्या अ‍ॅस्बेस्टस खाणकामगारांच्या संपात, ‘सिते लिब्र’सारख्या नियतकालिकात, शहरीकरणात आणि नव्या मध्यमवर्गात आहेत. १९५५ च्या जमावाने ना पक्ष काढला, ना मागण्यांची यादी केली. पुढच्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकीत मतदारांनी पुन्हा मोरिस ड्युप्लेसीच्या जुन्या, पुराणमतवादी सरकारलाच निवडून दिले.

२२/ आणि रिशार? तो ड्युप्लेसीचा जाहीर समर्थक होता. ज्या राजवटीचा अंत शांत क्रांतीने केला, तिचा चाहता त्या क्रांतीचा जनक ठरावा, हा स्मृतीचा खेळ आहे. इतिहासात असे वारंवार घडते. लोक प्रतीक निवडताना त्याची मते विचारत नाहीत. आपला अनुभव त्याच्या देहावर वाचता येतो का, एवढेच पाहतात. नियम त्यांचे, पंच त्यांचे, मालक त्यांचे, आणि राबणारा आपला: हे नाते फोरममध्ये जितके उघड दिसे, तितके कारखान्यात दिसत नसे. माझ्या मते दंगलीने क्रांती घडवली नाही. तिने एका मूक तक्रारीला चेहरा दिला.

२३/ कारकिर्दीतील मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटणारी घटना मात्र दंगलीनंतरची आहे. १९५५ मध्ये जुना सहकारी टो ब्लेक प्रशिक्षक झाला. त्याच्यापुढचे एक मोठे काम रिशारचा संताप काबूत ठेवण्याचे होते. १९५६ मध्ये कर्णधार एमिल बुशार निवृत्त झाला आणि रिशारच्या पोशाखावर कर्णधारपदाचे ‘सी’ हे अक्षर आले. या खेळात पंचांशी निर्णयांविषयी बोलण्याचा अधिकार प्रामुख्याने कर्णधाराचा असतो. सामनाधिकाऱ्यावर हात उचलल्याबद्दल शिक्षा भोगलेला माणूस आता पदाच्या अधिकाराने त्यांच्याशी बोलणार होता. मुठीच्या जागी त्याला शब्द मिळाला.

२४/ कर्णधार म्हणून तो फर्डा वक्ता नव्हता. वय ३५ च्या पुढे गेलेले, शरीर दुखापतींनी जर्जर. १९ ऑक्टोबर १९५७ रोजी शिकागोविरुद्ध त्याने ५०० वा गोल केला. एनएचएलमध्ये हा टप्पा गाठणारा तो पहिलाच. पुढच्याच महिन्यात स्केटच्या पात्याने त्याच्या टाचेमागची कंडरा कापली गेली. कारकीर्द संपली असे वाटत असताना तो फेब्रुवारीत परतला आणि चषकाच्या १० सामन्यांत त्याने ११ गोल केले. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे मॉन्ट्रियलने स्टॅन्ली चषक जिंकला. त्यांतील शेवटचे चार रिशारच्या नेतृत्वाखाली. ध्वनिक्षेपकावर दिलेले वचन पाच पटीने पाळले गेले.

२५/ १५ सप्टेंबर १९६० रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली: ९७८ सामने, ५४४ गोल, आठ चषक. पुढच्या वर्षी प्रतीक्षेचा नेहमीचा नियम बाजूला ठेवून त्याला हॉकीच्या सन्मानदालनात घेण्यात आले. क्लबने पद दिले, पण त्या पदाला अधिकार नव्हता. समारंभांत मिरवण्यापुरते आपण उरलो, या भावनेने तो १९६५ मध्ये बाहेर पडला. नंतरची अनेक वर्षे मासेमारीचे दोर आणि घरे उबदार ठेवण्याचे इंधनतेल विकण्यात गेली. क्लबशी समेट बऱ्याच काळाने झाला. ज्याच्या नावावर तिकिटे संपत, त्याच्या वाट्याला आलेला हा उत्तरार्धही कारकिर्दीचाच भाग मानला पाहिजे.

२६/ ११ मार्च १९९६ रोजी जुन्या फोरममधील शेवटचा सामना झाला. रिशारचे नाव पुकारले गेले तेव्हा प्रेक्षक उभे राहिले आणि कित्येक मिनिटे टाळ्या थांबेनात. तो हाताने थांबण्याची खूण करत होता, डोळे पाणावले होते. २७ मे २००० रोजी त्याचे निधन झाले. एक लाखाहून अधिक लोकांनी अंत्यदर्शन घेतले, आणि क्युबेक शासनाने राजकीय इतमामात निरोप दिला. तोवर हा मान खेळाडूंच्या वाट्याला आलेला नव्हता.

२७/ आपण केवळ हॉकीपटू आहोत, असे रिशार आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या लोकांनी ते कधीच मान्य केले नाही. त्याच्या आयुष्याचा अभ्यास करताना या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात: माणसाने स्वतःविषयी काय म्हटले आणि समाजाने त्याच्यात काय पाहिले. पहिली गोष्ट वगळली तर हाती दंतकथा उरते. दुसरी वगळली तर गोलांची जंत्री.

धागा समाप्त. शांत क्रांतीतील भाषाकायद्यांवर स्वतंत्र धागा लवकरच. प्रश्न, दुरुस्त्या आणि मतभेद यांचे स्वागत आहे.